कॅमेरा आपल्याला कुठे उभे करतो?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परप्रांतात पन्नास वर्षे मराठी मंडळ चालविणे हे काम वाटते तितके सोपे नव्हे. गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, ग्रंथालय, मुलांच्या स्पर्धा हे सारे नोकरी-व्यवसाय सांभाळून करावे लागते, आणि ते करणाऱ्यांची नावे बहुधा कुठेच लिहिली जात नाहीत. त्या सर्व ज्ञात-अज्ञात हातांना प्रथम वंदन करून मी विषयाला आरंभ करतो.

विषय आहे चित्रपटाचा, त्यातही कॅमेऱ्याचा. सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे कोणाच्या मनात आले तर ते साहजिकच आहे. माझे उत्तर असे, की घरापासून दूर राहणाऱ्या माणसाला जवळ आणि लांब या दोन शब्दांचा अर्थ इतरांपेक्षा अधिक कळतो, आणि चित्रपटकला ही मुळातच अंतराची कला आहे. कथा कोणती, नट कोण, गाणी कशी, याची चर्चा आपण घरोघर करतो. परंतु ती कथा पाहताना आपल्याला कोणत्या जागी उभे केले होते, याचा विचार क्वचितच करतो. माझ्या मते प्रेक्षकाच्या मनावर होणाऱ्या परिणामाचे रहस्य पुष्कळसे त्या जागेत आहे.

नाटकाचे उदाहरण घ्या. नाट्यगृहात आपली जागा तिकिटाने ठरते. पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो, शेवटच्या रांगेतल्याला केवळ हातवारे. आणि तीन तास ती जागा बदलत नाही. चित्रपटगृहात खुर्ची तीच राहते, परंतु आपली दृष्टी क्षणात दाराबाहेर, क्षणात माडीवर, क्षणात नायिकेच्या पापणीपाशी नेऊन ठेवली जाते. जत्रेत बापाच्या खांद्यावर बसलेल्या मुलाला वाटते, आपणच सारे पाहतो आहोत. वास्तविक बाप ज्या बाजूला वळतो, तेवढीच जत्रा त्याला दिसते. चित्रपट पाहणाऱ्या आपणा सर्वांची स्थिती काहीशी तशीच असते.

ही शक्ती आपल्या देशात ज्यांनी प्रथम नीट ओळखली, ते दादासाहेब फाळके. १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला हे शाळेतली मुलेही सांगतील. परंतु त्याच्या आधी भांडवल उभे करण्यासाठी त्यांनी एक लहानसे चित्र तयार केले होते, ते मला अधिक अर्थपूर्ण वाटते. कुंडीत बी रुजत घातले आणि त्याची वाढ दिवसामागून दिवस थोडी थोडी टिपली. पडद्यावर तो अंकुर पाहता पाहता वर आला. रोपटे वाढताना कोणत्याही माणसाने डोळ्यांनी पाहिले नव्हते. कारण रोपट्याचा काळ आणि माणसाचा काळ वेगवेगळा. कॅमेऱ्याने या दोन काळांमधले अंतर मिटविले. चमत्कार होता तो एवढाच, आणि त्यात कसलीही लबाडी नव्हती.

त्याच फाळक्यांचा १९१९ चा ‘कालिया मर्दन’ पाहावा. त्यात कृष्णाची भूमिका त्यांची बालकन्या मंदाकिनी हिने केली आहे. कथा सुरू होण्यापूर्वी ती मुलगी कॅमेऱ्यासमोर येते आणि चेहऱ्यावर एकामागून एक भाव दाखविते. मग कृष्णाच्या वेषात दिसू लागते. जणू फाळके प्रेक्षकांना सांगतात, की हे पाहा, हा एका मुलीचा चेहरा आहे. आता याच चेहऱ्यात तुम्हाला देव दिसणार आहे. साधन उघडे करून दाखविल्यावरही प्रेक्षकाचा भाव उणावला नाही. तंत्र समजले म्हणजे रस जातो, ही भीती किती निराधार आहे, याचा हा फार जुना पुरावा होय.

चेहऱ्याचा विषय निघालाच आहे, तर रशियातील लेव कुलेशोव यांच्या प्रसिद्ध प्रयोगाचा उल्लेख करायला हवा. १९२० च्या सुमारास त्यांनी मोझ्झुखिन नावाच्या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचे एकच दृश्य घेतले आणि ते एकदा अन्नाच्या वाडग्याच्या, एकदा शवपेटीच्या, एकदा एका स्त्रीच्या दृश्याला जोडले. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर अनुक्रमे भूक, शोक आणि अभिलाषा दिसली, असे सांगतात. नटाने काहीच केले नव्हते. भाव पाहणाऱ्याने आपल्या पदरचे घातले होते. तेव्हा कॅमेरा आपल्यावर भावना लादतो, असे म्हणण्यापेक्षा तो आपल्या भावनेला वाट काढून देतो, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

आता जवळिकीकडे वळू. व्यवहारात आपण दुसऱ्याचा चेहरा वीतभर अंतरावरून केव्हा पाहतो? आई बाळाचा पाहते, वैद्य रोग्याचा पाहतो, आणि भांडण हातघाईवर आले म्हणजे शत्रू शत्रूचा पाहतो. ममता, तपासणी आणि भय, या तीनच प्रसंगी माणूस माणसाच्या इतक्या निकट येतो. ज्याला आपण क्लोज-अप म्हणतो, ते समीपदृश्य या तिन्ही अनुभवांना जागे करते.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्यास आली. तेथील पहिला बोलपट म्हणजे व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘अमृतमंथन’, १९३४ चा. राजाने नरबळी आणि पशुबळी बंद केले म्हणून खवळलेला राजगुरू त्याच्याच हत्येचा कट रचतो, ही त्याची कथा. मराठी आवृत्तीत राजगुरूचे काम केशवराव दात्यांनी केले, हिंदीत चंद्रमोहन यांनी. त्या राजगुरूचा एकच डोळा संपूर्ण पडदा व्यापून टाकतो, ते दृश्य भारतीय चित्रपटाच्या इतिहासात कायमचे कोरले गेले आहे. विचार करा, तो डोळा दहा हातांवरून दाखविला असता तर आपण एका दुष्ट माणसाकडे पाहिले असते. पडद्याएवढा झाल्यावर मात्र पाहणारा तो ठरतो, आणि पाहिले जाणारे आपण. केवळ अंतर कमी केल्याने नाते उलटे झाले. आंधळी श्रद्धा माणसावर कशी नजर ठेवते, हे सांगायला मग संवादाची गरज उरली नाही.

याच दिग्दर्शकाने तीन वर्षांनी ‘कुंकू’ काढला. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा बोलपट जरठ-बालविवाहावर आहे. फुटलेल्या आरशाच्या तुकड्यांत त्या म्हाताऱ्या वकिलाची अनेक प्रतिबिंबे दिसतात, तेव्हा त्याचे दुभंगलेले मन आपल्यापुढे मांडले जाते. विशेष हे, की ज्याचा राग यावा त्या माणसाच्या अंतःकरणापाशीही कॅमेरा आपल्याला क्षणभर उभे करतो. नीरेचा कैवार घेता घेता आपल्याला त्या वृद्धाची कीवही येते. कोणाला किती जवळून पाहू द्यायचे, यात दिग्दर्शकाची न्यायबुद्धी दिसते, ती अशी.

अंतरानंतर उंचीचा प्रश्न येतो. प्रभातचाच ‘संत तुकाराम’, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांचा, १९३६ चा. दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. मराठी न समजणाऱ्या परदेशी माणसांना तो का भिडला असेल? एक कारण मला दिसते. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा विठ्ठलासमोर बसून गातात, तेव्हा कॅमेरा बहुतेक वेळा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर शांतपणे थांबलेला असतो. कीर्तनाला येऊन जमिनीवर मांडी घालून बसलेल्या श्रोत्याची ती जागा आहे. संताला भव्य करण्यासाठी खालून पाहावे, असा मोह तेथे झालेला नाही. आणि जिजाई हाती चप्पल घेऊन देवळात विठोबाला जाब विचारायला निघते, तेव्हाही कॅमेरा तिच्याकडे हेटाळणीने पाहत नाही. गरुडाचे विमान आकाशातून उतरते, सैनिकांना जिकडेतिकडे शिवाजीमहाराजच दिसू लागतात. हे चमत्कार कॅमेऱ्याच्या हातचलाखीनेच साधलेले आहेत. परंतु चूल, लेकरे आणि म्हशी यांच्या खऱ्याखुऱ्या जगात आपल्याला आधी नीट बसविले असल्याने त्या चमत्कारांवरही आपला विश्वास बसतो. वैकुंठाचे विमान उडते, ते आळंदी-देहूच्या मातीचा भक्कम आधार घेऊनच.

खालून पाहिले की माणूस मोठा दिसतो आणि वरून पाहिले की लहान, हा नियम चित्रपटावरच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात सापडेल. परंतु नियमांवर फार विसंबून राहू नये. अमेरिकेत ऑर्सन वेल्स यांनी १९४१ मध्ये ‘सिटिझन केन’ काढला. छायालेखक होते ग्रेग टोलँड. त्यात निवडणूक हरलेला केन आपल्या मित्राशी बोलतो, तो प्रसंग टिपण्यासाठी जमीन खोदून कॅमेरा खाली बसविला होता. केन डोंगराएवढा दिसतो खरा. पण त्याच्या डोक्यावर छतही दिसते. मोठा माणूस आपल्याच मोठेपणाच्या पेटीत कोंडला गेला आहे, असे वाटू लागते. कोन तोच, परंतु अर्थ उलटा. तात्पर्य, कॅमेऱ्याच्या भाषेला शब्दकोश नाही. शब्दाचा अर्थ जसा वाक्यात कळतो, तसा कॅमेऱ्याच्या जागेचा अर्थ कथेत कळतो.

येथवर महाराष्ट्राच्या आणि परदेशाच्या गोष्टी झाल्या. परंतु आपण ज्या कोलकाता नगरीत राहतो, जिच्या अन्नपाण्यावर आपल्या मंडळाच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, तिचे ऋण या विषयात फार मोठे आहे. चित्रपट कसा पाहावा हे साऱ्या देशाला शिकविणारे सत्यजित राय याच शहराचे. त्यांचा १९६४ चा ‘चारुलता’ आपल्यापैकी अनेकांनी बंगाली शेजाऱ्यांच्या आग्रहाने पाहिला असेल. रवींद्रनाथांच्या ‘नष्टनीड’ या कथेवर तो आधारलेला आहे. काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडचा.

आरंभीची काही मिनिटे जवळजवळ निःशब्द आहेत. चारू रुमालावर नवऱ्याच्या नावाचे अक्षर भरते आहे. घर संपन्न आहे, माणूस मात्र बोलायला नाही. ती नाटक पाहण्याची लहानशी दुर्बीण उचलते आणि खिडकीखिडकीची झडप उघडून रस्ता पाहू लागते. माकडवाला, पालखी, छत्री घेऊन चाललेला जाडा गृहस्थ! आपणही तिच्याबरोबर एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे धावतो. तेवढ्यात तिचा नवरा भूपती हातातले पुस्तक वाचीत तिच्या जवळून निघून जातो. तिच्याकडे त्याचे लक्षही नाही. चारू ती दुर्बीण डोळ्यांना लावते आणि पाठमोऱ्या नवऱ्याकडे पाहते. मग तिचा हात खाली येतो, आणि त्याच क्षणी कॅमेरा सर्रकन मागे जाऊन तिला त्या मोठ्या घरात एकटी सोडतो.

या ठिकाणी तंत्राची एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे. कॅमेरा वस्तूच्या जवळ दोन प्रकारांनी जाऊ शकतो. एक, रुळांवरच्या गाडीवर बसून तो खरोखरच पुढे सरकतो. तेव्हा बाजूच्या वस्तू मागे पडतात, अंतरे बदलतात, आणि आपण चालत गेल्यासारखे वाटते. दुसरा प्रकार झूम भिंगाचा. त्यात कॅमेरा जागचा हलत नाही, केवळ प्रतिमा मोठी होते. पहिल्यात आपण जवळ जातो. दुसऱ्यात जवळ गेल्याचा भास होतो. अल्फ्रेड हिचकॉक यांनी १९५८ च्या ‘व्हर्टिगो’मध्ये हे दोन्ही प्रकार एकाच वेळी परस्परविरुद्ध दिशांनी वापरले. जिन्यातून खाली पाहणाऱ्या नायकाला जी घेरी येते, ती आपल्यालाही येते. कारण जवळ आणि लांब यांचा आपल्या मेंदूतला हिशेबच मोडतो.

चारूच्या हातातली दुर्बीण म्हणजे हाच दुसरा प्रकार. रस्त्यावरचा अनोळखी माणूस तिच्यातून जवळ दिसतो, आणि घरातला नवराही तिच्यातूनच पाहावा लागतो. प्रतिमा मोठी झाली. अंतर तेवढेच राहिले. तिचे सारे दुःख या एका यंत्राच्या गुणधर्मात सामावले आहे. पुढे बागेत ती झोपाळ्यावर बसते, तेव्हा कॅमेरा झोपाळ्याबरोबरच हेलकावे घेतो. तिचा चेहरा स्थिर राहतो आणि तिच्यामागचे जग झुलू लागते. मन हेलावले आहे, हे तिने सांगण्याआधीच आपल्याला कळते. अखेरीस पती-पत्नीचे हात एकमेकांकडे येतात आणि एकत्र येण्यापूर्वीच चित्र गोठते. ते उरलेले वीतभर अंतर पुढे मिटले की नाही, हे ठरविण्याचे काम राय आपल्यावर सोपवितात.

राय यांच्या चित्रपटांचे छायालेखक सुब्रत मित्र यांनी ‘पथेर पांचाली’ हाती घेतला, तेव्हा त्यांनी आधी एकही चित्रपट टिपलेला नव्हता. १९५६ च्या ‘अपराजितो’साठी काशीच्या जुन्या घराचे अंगण दाखवायचे होते. पावसाच्या भीतीने ते उघड्यावर न उभारता येथील स्टुडिओत उभारावे लागले. आता काशीच्या अरुंद घरांतील चौकात थेट ऊन क्वचितच उतरते. वरच्या आकाशाचा मवाळ, सावली न पाडणारा उजेड तेवढा झिरपतो. मित्र यांनी अंगणावर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचे झोत पात्रांवर न टाकता त्या कापडावर टाकून परतवून घेतले. तो उजेड इतका अस्सल उतरला, की हे अंगण स्टुडिओतले आहे, असे पाहणाऱ्याच्या मनातही येऊ नये. येथे तंत्र आपल्याला भारून टाकण्यासाठी वापरलेले नाही. हरिहर-सर्वजयेचे दारिद्र्य आपण नाटकातले म्हणून न पाहता शेजारच्या घरातले म्हणून पाहावे, यासाठी वापरले आहे. उलट, १९५९ च्या ‘कागज के फूल’मध्ये व्ही. के. मूर्ती यांनी आरशांनी परावर्तित केलेला सूर्याचा झोत रिकाम्या स्टुडिओच्या अंधारात सोडला. एकमेकांजवळ येऊ न शकणारी दोन माणसे आणि मध्ये तो प्रकाशाचा खांब! एका प्रकाशाने आपण घरात शिरलो. दुसऱ्याने एका स्वप्नाच्या उंबरठ्याशी थबकलो. दोन्ही खरेच.

अंतर, उंची, गती आणि प्रकाश यांच्या जोडीला आणखी एक साधन आहे. ते म्हणजे थांबणे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा मराठी चित्रपट २०१४ साली व्हेनिसला पुरस्कार मिळवून आला. म्हणजे ज्या नगरात ‘संत तुकाराम’ गौरविला गेला, तेथेच सत्त्याहत्तर वर्षांनी. एका लोकशाहिरावरचा खटला त्यात आहे. कॅमेरा दूर, स्थिर, आणि दृश्ये लांबलचक. कोणाच्या डोळ्यांतले पाणी जवळून दाखविलेले नाही. खटल्याला आलेल्या, आणि कंटाळलेल्या, नागरिकाच्या बाकावर आपल्याला बसवून ठेवले आहे. सुट्टी लागते, न्यायालयातले दिवे एकेक करून मालवले जातात, आणि त्या अंधाऱ्या दालनाकडे आपण बराच वेळ पाहत राहतो. चीड येते, ती पडद्यावर कोणी ओरडले म्हणून येत नाही. आपल्याला लवकर उठू दिले नाही, म्हणून येते.

आणि एक चित्रपट असा, की त्याने प्रेक्षकाची जागाच हिरावून घेतली. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’, २०१३ चा. डुकरे पकडण्याचे काम ज्यांच्या माथी मारले गेले, अशा घरातला जब्या नावाचा शाळकरी मुलगा त्याचा नायक. पकडलेले डुकर काठीला बांधून ती माणसे शाळेच्या भिंतीवरून जातात. त्या भिंतीवर बाबासाहेब आंबेडकरांचे आणि सावित्रीबाई फुल्यांचे चित्र आहे. कॅमेरा एक शब्दही बोलत नाही. डुकर आणि ती चित्रे एका चौकटीत ठेवतो, एवढेच. शेवटी हेटाळणी करणाऱ्यांवर चिडून जब्या दगड भिरकावतो. तो अखेरचा दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. दीड-दोन तास आपण त्या मुलाच्या बाजूने हळहळत होतो. त्या एका क्षणात कळते, की कॅमेरा जेथे उभा आहे, ती जागा टवाळांची आहे. आणि तेथे आपण आहोत. हळहळणारा आणि पाहत राहणारा यांत फरक किती, हा प्रश्न घेऊनच चित्रपटगृहाबाहेर पडावे लागते.

मित्रहो, आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ही चर्चा केवळ कलारसिकांपुरती राहिली असती, तर ती एखाद्या फिल्म सोसायटीत शोभली असती. परंतु आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि आपले गाव आपल्याला भेटते ते बहुतांशी त्याच्याच मार्फत. पूर्वी गावची खबर पत्राने येई. पत्र लिहिणारा कोण, त्याचा स्वभाव कसा, तो किती वाढवून सांगतो, हे आपल्याला ठाऊक असे. चित्रफितीचा लेखक मात्र दिसत नाही. म्हणून ती आपल्याला सत्यच वाटते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला. आपल्यापैकी ज्यांचे आप्त तिकडे आहेत, त्यांना ते दिवस आठवत असतील. उंच आकाशातून टिपलेला पूर पाहा : छपरांचे ठिपके, चकाकणारे पाणी, जणू एखादा सुबक नकाशा. तोच पूर बोटीच्या पातळीवरून पाहा : माळ्यावरून खाली येणारा एका म्हातारीचा हात, आणि तो धरायला पुढे झालेला दुसरा हात. दोन्ही चित्रे खरी आहेत. पहिल्याने पुराचा विस्तार कळतो, दुसऱ्याने त्याचा अर्थ. केवळ पहिले पाहणारा अधिकारी निष्ठुर होण्याचा संभव आहे. केवळ दुसरे पाहणारा नातलग भयाने वेडा होण्याचा. दोन्ही जागांवरून पाहील, त्याला पूर कळेल.

तसेच गर्दीचे. लांब पल्ल्याचे भिंग दूरच्या वस्तूंमधली अंतरे दाबून टाकते. तेव्हा विरळ बसलेली पन्नास माणसे खांद्याला खांदा लावून बसलेला जनसागर वाटू शकतात. तीच सभा गच्चीवरून पाहिली, तर रिकाम्या खुर्च्या मोजता येतात. अमुक प्रांतात आपल्या माणसांना असे वागविले, तमुक समाज असा उद्दाम आहे, अशा चित्रफिती रोज हातोहात फिरतात. आपण तर दोन भाषांच्या सीमेवर राहणारी माणसे. येथील शेजाऱ्याविषयी तिकडे, आणि तिकडच्या भावाविषयी येथे, काय दाखविले जाते, याचा ताप प्रथम आपल्याला होतो. ‘अमृतमंथन’मधला तो पडदाभर डोळा आता कोणीही, कोणाच्याही चेहऱ्याचा करू शकतो.

यावर उपाय चित्रे पाहणे सोडण्याचा नव्हे. फाळक्यांनी दाखविला तोच उपाय : साधन ओळखून मग रस घ्यावा. आपल्या मुलांना चार साधे प्रश्न विचारायची सवय लावू या. हे चित्र कुठून घेतले आहे? किती जवळून घेतले आहे? किती वेळ दाखविले आहे, आणि नेमके केव्हा तोडले आहे? आणि चौकटीच्या बाहेर काय राहिले असेल? एवढे चार प्रश्न ज्याला सुचतात, त्याला फसविणे अवघड. आणि गंमत अशी, की ‘चारुलता’चा किंवा ‘संत तुकाराम’चा आनंदही त्यालाच अधिक मिळतो.

या निमित्ताने मंडळाला एक सूचना करावीशी वाटते. वर्षातून चार वेळा एक जुना अथवा नवा मराठी चित्रपट आणि एक बंगाली चित्रपट जोडीने दाखवावा, आणि नंतर अर्धा तास मुलांनाच बोलू द्यावे. आपली नातवंडे मराठी अडखळत बोलतात, ही आपली कायमची खंत आहे. परंतु जिजाई देवळाची पायरी चढते, तेव्हा कॅमेरा कोणाच्या बाजूचा आहे, हे ओळखायला व्याकरण लागत नाही. ते ओळखलेले सांगण्यासाठी मूल शब्द शोधू लागेल. आणि शोधलेला शब्द पाठ केलेल्या शब्दापेक्षा अधिक टिकतो. त्या चर्चेला शेजारच्या बंगाली मुलांनाही आवर्जून बोलवावे. त्यांना आपला तुकोबा आणि आपल्या मुलांना त्यांची चारू, अशी ही देवाणघेवाण दोन्ही घरांना समृद्ध करील.

चारूच्या दुर्बिणीची गोष्ट मात्र आपण सर्वांनी मनात ठेवावी. प्रतिमा मोठी झाली म्हणून अंतर कमी होत नाही. पडद्यावर आपला वाडा, आपली नदी, आपली माणसे कितीही ठळक दिसली, तरी त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी अखेर चालावेच लागते : कधी आगगाडीने, कधी पत्राने, कधी या मंडळाच्या दिवाणखान्यात चटईवर शेजारी शेजारी बसून. पन्नास वर्षे या मंडळाने हे खरे चालणे चालू ठेवले. पुढील पन्नास वर्षेही ते चालू राहो, अशी शुभेच्छा व्यक्त करतो.